थोडे पहारेकरी, पुष्कळ वाटा
(इयत्ता सातवीच्या शिक्षकांसाठी नमुनापाठ)

विषयप्रवेश. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी डाळिंबाची एक बाग आहे, असे समजा. बागेला वाटा तीन, राखणदार मात्र एक. तो रोज ठरलेल्या क्रमाने फिरू लागला, तर आठ दिवसांत चोराला तो क्रम पाठ होतो. मग पहारा असून नसल्यासारखाच. राखावयाची स्थळे पुष्कळ, साधने थोडी आणि पाळत ठेवणारा चतुर, हाच सुरक्षाशास्त्राचा मूळ प्रश्न होय.

विवेचन. या प्रश्नाचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करणाऱ्यांत प्रा. मिलिंद तांबे यांचे नाव अग्रगण्य आहे. पिलानी येथे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले आणि 2019 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने रचलेली ‘आर्मर’ ही योजना 2007 साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमलात आली. कोणत्या रस्त्यावर तपासणी-नाका बसवावा, श्वानपथके केव्हा कोठे न्यावीत, हे ती सुचवीत असे. ही निवड अनिश्चित असे, परंतु आंधळी नसे. जेथे हानी अधिक संभवते, तेथे पहाऱ्याची संधीही अधिक. शत्रूला हे प्रमाण कळले, तरी आजचा पहारा कोठे आहे हे त्यास कळत नाही.

पुढे हेच गणित सायबर सुरक्षेकडेही वळले. संगणकाच्या जाळ्यात शिरू पाहणारा प्रथम चाचपणी करतो. त्याला दिसणारे चित्र फसवे ठेवून खरी माहिती कशी राखावी, याविषयीचा निबंध तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केला.

कृती पहिली. अर्ध्या मुलांनी नाणे वीस वेळा उडवून छापा-काटा लिहावा. उरलेल्यांनी नाणे न उडवता मनानेच वीस नोंदी लिहाव्यात. खऱ्या नोंदींत एकच बाजू लागोपाठ चार वेळा बहुधा आढळते. मनाने लिहिणारा मात्र ती टाळतो. क्रम नको म्हणूनही माणसाच्या हातून क्रम घडतो, हे मुलांच्या ध्यानी यावे.

कृती दुसरी. मोठ्या वाटेच्या तीन, मधलीच्या दोन व लहान वाटेची एक, अशा सहा चिठ्ठ्या कराव्यात. रोज एक काढून पुन्हा मिसळावी. चोर झालेल्या मुलाला चिठ्ठ्यांचे प्रमाण सांगूनही आजची वाट ओळखण्यास सांगावे.

विश्वास कशावर ठेवावा? मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’ योजनेत गरोदर स्त्रियांना व नवमातांना दूरध्वनीवरून आरोग्यसंदेश ऐकविले जातात. कित्येक जणी ते ऐकणे सोडून देतात. प्रत्येकीशी स्वतः बोलण्याइतके मनुष्यबळ नसते, कोणाशी बोलावे? येथेही स्थळे पुष्कळ व साधने थोडीच. 2021 साली सुमारे 23,000 स्त्रियांचे तीन गट करून परीक्षा घेण्यात आली. ज्या गटात कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचविलेल्या स्त्रियांना दूरध्वनी केले, तेथे ऐकण्यातील घट, दूरध्वनी न केलेल्या गटापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. नुसत्या क्रमवार निवडीने तसा लाभ दिसला नाही.

यातून मुलांना दोन गोष्टी समजाव्यात. यंत्राचा सल्ला हुशार वाटतो म्हणून स्वीकारावयाचा नसतो. साध्या रीतीशी प्रत्यक्ष ताडून पाहिल्यावरच त्यावर विश्वास ठेवावयाचा. दुसरे, यंत्र केवळ यादी देते. मातेची अडचण ऐकून घेण्याचे काम माणसालाच करावे लागते. यादीत जिचे नाव आले नाही, तिचा विचारही माणसानेच करावयाचा.

स्वाध्याय.
1. गृहपाठ रोज पहिल्या बाकापासून तपासला, तर काय घडेल?
2. तीनही वाटांच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या, तर कोणता तोटा होईल?
3. यंत्राची यादी चुकीची आहे, हे आपणास कसे कळेल?