हंगामी फुलझाडांची रोपे आच्छादनाखाली तयार करणे

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. जून-जुलैत येथे पाऊस बेभरवशाचा असतो आणि दसऱ्याच्या झेंडूची रोपे याच सुमारास करावी लागतात. उघड्या गादीवाफ्यावर कडक ऊन, वारा, एखादी जोराची सर व रसशोषक किडी यांमुळे पुष्कळ रोपे वाया जातात. संकरित बी महाग असते. शिवाय रोपांस उशीर झाल्यास फुले सण उलटल्यावर बाजारात येतात. म्हणून शेडनेटखाली अथवा उजेडाच्या पडवीत ट्रेमध्ये रोपे करणे हितावह ठरते.

पेरणीचा दिवस : तो सणापासून मागे मोजून ठरवावा. लागवडीनंतर ६० दिवसांनी फुलणाऱ्या जातीस रोपवाटिकेचे २२ दिवस व तोडा भरात येण्यास ८ दिवस धरून ९० दिवस लागतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. अधिक महिन्यामुळे २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरचा. त्यासाठी पेरणी २२ जुलैच्या सुमारास येते. केवळ गतवर्षीची तारीख धरल्यास १८ दिवसांची चूक होते.

रोपांची संख्या : ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर एकरी सुमारे १५,००० रोपे लागतात. १० टक्के जादा धरून १०४ कप्प्यांचे १६० ट्रे भरावेत. त्यांस अर्धा गुंठा जागा पुरते.

माध्यम व पाणी : नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात काही जमिनी क्षारयुक्त झाल्या असून तेथील विहिरींचे पाणीही खारवट असते. अशा पाण्याने कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. त्यामुळे पाणी आधी तपासून घ्यावे. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रात ही सोय आहे. कोकोपीट गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन वापरावे.

पेरणी व निगा : प्रत्येक कप्प्यात एक बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकावेत व तिसऱ्या दिवसापासून रोज पाहावेत. कोंब दिसताच ते लगेच उजेडात पसरावेत. एक दिवसाचाही विलंब झाल्यास रोपे उंच व लुसलुशीत होतात. पाणी सकाळी झारीने द्यावे. सायंकाळी दिलेले पाणी रात्रभर साचून बुरशी वाढते व रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. हा रोग औषधाने आवरण्यापेक्षा पाणी मोजके देऊन टाळणे सोपे असते. अखेरचे चार-पाच दिवस पाणी व सावली कमी करून रोपे कणखर करावीत.

इतर पिके : ॲस्टरची रोपे तयार होण्यास चार ते पाच आठवडे लागतात. तुळशीचे बी अतिशय बारीक असल्याने त्यावर माध्यमाचा केवळ पातळ थर द्यावा. कोथिंबिरीचे सोटमूळ स्थलांतर सहन करीत नाही. तिचे धने रगडून दोन भाग करावेत व थेट वाफ्यातच पेरावेत. पुदिना बियांऐवजी फुटव्यांपासून लावावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका शेतकऱ्याकडे दहा ट्रे भरून घ्यावेत व शेजारी तेवढेच बी गादीवाफ्यावर पेरावे. बाविसाव्या दिवशी दोन्हीकडील लागवडयोग्य रोपे मोजून दाखविल्यास निराळ्या प्रचाराची आवश्यकता राहणार नाही.