अक्काचे केस काळेच राहू देत

मिरज

चि. अभिजितस अनेक आशीर्वाद.

काल रात्री मेघनाचा फोन आला होता. भाऊजींच्या पंचाहत्तरीला तू त्यांचं आणि अक्काचं पेन्सिलचं चित्र काढून घेतो आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. शाल, चांदीची वाटी, नवा मोबाइल यांपेक्षा हे कितीतरी चांगलं. पण पुढचं ऐकलं आणि माझी झोप उडाली. चित्रकारानं म्हणे विचारलं, "आईंना फोटोतल्यासारखंच ठेवू की आजच्या वयाचं करू?" आणि तू सांगितलंस, "आजच्या वयाचं करा. केस पांढरे करा, थोड्या सुरकुत्या घाला. बाबांच्या शेजारी शोभायला हवं." मेघनावर रागावू नकोस, ती कौतुकानं सांगत होती. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

अभी, हे करू नकोस. अक्का गेली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. तिचे केस पिकलेले आपल्यापैकी कुणीच पाहिले नाहीत. भाऊजींनी तर नाहीच नाही. इतकी वर्षं तो माणूस ज्या चेहऱ्याशी मनातल्या मनात बोलत आला, तो चेहरा तू बदलून त्यांच्या हातात ठेवणार? घरात पन्नास माणसं जमलेली असतील, कागद निघेल आणि समोर एक अनोळखी म्हातारी. ते "छान आहे" म्हणतील. चारचौघांत दुसरं काय म्हणणार? त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. गळा दाटून आला की उठून दाराबाहेरच्या चपला नीट लावत बसतात.

चित्रकाराला मी दोष देत नाही. त्यानं अक्काला कधी पाहिलेलं नाही. सांगितलं की तो वय वाढवणार, आणि वय वाढवायचं म्हणजे ठरलेल्या जागी काम करायचं : पापण्या उतरवायच्या, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत रेघ ओढायची, गळ्याची कातडी सैल करायची. असं केलेल्या सगळ्या आज्या एकमेकींसारख्या दिसतात. आणि आधी पुसलं जातं ते त्या माणसाचं स्वतःचं. अक्काची डावी भुवई शेवटाला तुटलेली होती, लहानपणी पाट्याच्या कडेवर पडली होती म्हणून. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, त्यामुळे हसताना ती ओठ मिटून घ्यायची आणि डावा गाल आधी वर जायचा. हे त्या चित्रकाराला कोण सांगणार? तो बिचारा भुवई सरळ करून टाकेल, त्याला वाटेल फोटोतच काहीतरी दोष आहे.

तू पुण्यात राहतोस, बालगंधर्व रंगमंदिरात कितीदा गेला असशील. तिथली गोपाळ देऊसकरांची दोन चित्रं एकदा थांबून बघ. एकात बालगंधर्व पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. माणूस एकच, चित्रं दोन. लोकांनी त्यांना दोन्ही रूपांत पाहिलं होतं, देऊसकरांनी दोन्ही रूपांचा मान ठेवला. एकात दुसरं मिसळून मधलंच काहीतरी केलं नाही. तूही तेच कर. एकाच मापाची, एकाच जातीच्या कागदावर दोन वेगळी चित्रं काढून घे. एकात अक्का तिच्या वयाची, दुसऱ्यात भाऊजी आजचे. शेजारी शेजारी लागू देत. वयातलं अंतर दिसलं तर दिसू दे. ते खरंच आहे.

भाऊजींना शक्य असेल तर समोर बसवूनच काढून घे. मुंबईत जहांगीर कलादालनाबाहेर फुटपाथवर चित्रकार माणसाला स्टुलावर बसवून तिथल्या तिथे चेहरा उतरवतात, लहानपणी तू ते बघत उभा राहायचास, हलायचा नाहीस. समोर माणूस असला की हाताला जे कळतं ते फोटोतून कळत नाही. वासुदेव कामतांना अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार 2006 साली मिळाला, तो त्यांच्या पत्नीच्या चित्राला. रोज पाहिलेला चेहरा होता तो.

अक्काचं चित्र फोटोवरूनच काढावं लागणार, म्हणून फोटो नीट निवड. मेघना म्हणाली की तू सुधाच्या लग्नातला ग्रुप फोटो पाठवलास. त्यात अक्काचं तोंड नखाएवढं आहे, आणि समोरून फ्लॅश पडल्यामुळे नाक, गाल, हनुवटी सगळं सपाट झालं आहे. तेवढ्यावरून ए-थ्री आकाराचा चेहरा काढायचा म्हणजे डोळे अंदाजानंच भरायचे. माझ्याकडे नरसोबाच्या वाडीचा एक फोटो आहे, घाटाच्या पायरीवर बसलेली, उजेड एका बाजूनं आलेला. गालाची उतरण, डोळ्याखालची सावली, तुटलेली भुवई, सगळं स्पष्ट आहे. तो अल्बमला चिकटला आहे, सोडवायला गेलं तर फाटेल, म्हणून पानासकट स्कॅन करून पाठवते. मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नकोस, चकाकी येते आणि कडा वाकतात.

चित्रकाराशी आधीच सगळं बोलून घे. माप, कागद, पेन्सिल की चारकोल, तारीख, ॲडव्हान्स. चारकोलचा काळा खोल असतो पण हात लागला की पुसतो. आपल्या घरासाठी पेन्सिलच बरी. शेडिंग करण्याआधी नुसत्या रेषांचं चित्र मागव आणि मला दाखव. जबड्याची रेष तेव्हाच बदलता येते, शेडिंग झाल्यावर कागद सोसत नाही. पैशांसाठी घासाघीस करू नकोस. फ्रेम करताना माउंट घालायला सांग, काच कागदाला टेकता कामा नये. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे लावू नकोस. आणि अक्काच्या चित्राला चंदनाचा हार घालू नकोस. भेट आहे ती.

तू म्हणशील, मावशी चित्रकलेची मास्तरीण, स्वतःच का नाही काढलं? खरं आहे. इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली तेव्हा मला जे. जे. ला जायचं होतं. अण्णा म्हणाले, मुंबईला एकटी नको, ए. टी. डी. कर, शाळेत नोकरी लागेल. लागली. मग वर्षानुवर्षं फळ्यावर माठ, पेला आणि घडीचा रुमाल. माणसं काढायचा हातच राहिला नाही. अक्का माहेरपणाला आली की म्हणायची, "मला बसव की एकदा." मी म्हणायचे, दिवाळीच्या सुट्टीत. तिची ती सुट्टी आलीच नाही. तिचं समोर बसून काढलेलं एकही चित्र या जगात नाही, याची खंत मला अजून आहे. म्हणून तिचे केस पांढरे करणार म्हटल्यावर माझा जीव असा वरखाली झाला. जे थोडं उरलं आहे, ते तरी जसंच्या तसं राहू दे.

एवढं लिहून थांबले, चहा करून आले आणि पुन्हा लिहायला बसले. कडक बोलले का रे? चहा करताना एक वेगळंच मनात आलं. तू तेव्हा आठवीत होतास. भाऊजींना अक्काबरोबर संसाराची वर्षं मिळाली, तुला आई पुरती मिळालीच नाही. तुझ्या लग्नात, छोटीच्या बारशाला तू पहिल्या रांगेत कुणाला शोधत होतास, ते मला दिसत होतं. पांढऱ्या केसांची आई बाबांसाठी नकोच होती, नाही का? ती तुला हवी आहे. आधी लक्षात आलं असतं तर वरचं इतक्या जोरात लिहिलं नसतं.

हवी असेल तर तीही काढून घे, पण वेगळ्या कागदावर, तुझ्या घरासाठी. बाबांच्या पंचाहत्तरीत तिला आणू नकोस. आणि ती मनानं रचू नका. पुढच्या आठवड्यात मी पुण्याला येते, त्या चित्रकाराकडे मला घेऊन चल. मी बसते त्याच्यासमोर. आमच्या आईचे केस आधी कानशिलांवर पिकले, मग भांगात. माझेही तसेच. अक्काचेही तसेच पिकले असते. गळ्यापाशी, हातांच्या शिरांवर आम्ही दोघी आईवर गेलो आहोत. भुवई आणि डावा गाल तेवढा मी शेजारी बसून त्याला सांगेन. खर्चाचा विचार करू नकोस, ते चित्र माझ्याकडून.

छोटीला माझा पापा. मेघनाला सांग, येताना मेतकूट आणते आहे. तू रात्री उशिरापर्यंत जागत जाऊ नकोस.

तुझी
मावशी