आजीसाठी एक बटण

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र पक्का आहे, कारण त्यात मी स्वतः चुकले होते.

आमच्या घरी आजोबांनी लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेला ॲम्प्लिफायर आहे. त्याचं बटण जळलं तेव्हा एका रिपेअरवाल्याने वायरी जोडून तो ‘डायरेक्ट’ करून दिला. तेव्हापासून आजी रोज रात्री शोकेसच्या मागे वाकून प्लगचं बटण बंद करायची. गुडघे धरून उठताना एकदा म्हणाली, “अगं, एवढी इंजिनिअरिंगला जातेस, मला एक साधं बटण लावून दे की!”

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. एक वायर कापली, मध्ये सिंगल पोल स्विच टाकला. बटण दाबलं, गाणं बंद. आजी खूश! झाकण लावण्याआधी सहज ट्रान्सफॉर्मरच्या टॅगला टेस्टर लावला, तर दिवा लागला. बटण ऑफ, आणि आत फेज जिवंत!

असं का झालं? ॲम्प्लिफायरला दोन पिनांचा प्लग होता. तो सुलटा बसतो तसाच उलटाही बसतो. उलटा बसला की आपला स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये येतो. सर्किट तुटतं, म्हणून आवाज बंद होतो. पण फेज प्रायमरी वाइंडिंगमधून थेट स्विचच्या पायापर्यंत येऊन थांबलेली असते. ‘आवाज बंद म्हणजे वीज बंद’ हे खरं नाही. झाकण उघडून कोणी आत हात घातला असता तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. ते असं:

१. आधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करा.

२. स्विच डबल पोल घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. दुकानात चार पायांचा रॉकर मागा. तीन पायांचा, दिवा असलेला मिळतो तो सिंगल पोल असतो; तिसरा पाय फक्त दिव्यासाठी.

३. रेटिंग वाचा. १०० वॉटचं उपकरण २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतं, पण सुरू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून मी ६ अँपिअर, २५० व्होल्ट एसीचा घेतला. ‘एसी’ हा शब्द महत्त्वाचा. आपला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझते. डीसीत ती सोय नाही, म्हणून एसीचं रेटिंग डीसीला तसंच लागू होत नाही. आणि १२ व्होल्ट डीसीचा खेळण्यातला स्विच २३० व्होल्टसाठी बनलेलाच नसतो, तो इथे लावू नका.

४. क्रम असा: फेज, फ्यूज, स्विच, प्रायमरी. न्यूट्रल स्विचच्या दुसऱ्या पोलमधून. मी तीन पिनांचा प्लग बसवला आणि अर्थची हिरवी वायर थेट लोखंडी चासीला स्क्रूने घट्ट केली. अर्थ कधीही स्विचमधून न्यायची नाही.

५. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा. वायर डब्यात शिरते तिथे रबरी ग्रॉमेट आणि आतून पकड हवी, नाहीतर ओढ बसली की सांधा सुटतो. मेन्सच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन इनपुटपासून दूर न्या, नाहीतर स्पीकरमधून ‘हम्म’ ऐकू येईल.

६. आता तपासणी. प्लग बाहेर ठेवूनच फेज-न्यूट्रल पिनांमध्ये मीटर लावा. ऑफ असताना सर्किट उघडं, ऑन असताना वाइंडिंगचा रेझिस्टन्स दिसायला हवा. दोन्ही पिना आणि चासी यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये. मगच सिरीज बोर्डवर लावा. बल्ब जुना, तारेचा हवा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला की ठीक. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा.

आता विजेचा हिशोब. सतत १ वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. ट्रान्सफॉर्मर रिकामाही काही वॉट खात असेल, तर गुणाकार तुम्हीच करा.

आणि हो, हे काम पहिल्यांदा करताना लॅबमधल्या सरांना किंवा जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. मी केलं नव्हतं. टेस्टर लावायचं सुचलं म्हणून बरं.

आजीला आता वाकावं लागत नाही. मी मात्र कुठलंही झाकण उघडण्याआधी शोकेसच्या मागे वाकून प्लग काढते.