यांत्रिक हात आणि स्पर्शज्ञान

लोकलच्या अपघातात अथवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रात हात गमावलेला रुग्ण शस्त्रकर्मानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या चिकित्सालयांत येतो, तो बहुधा उरलेल्या बाहूच्या वेदनेवर तेल मागण्यास. बोलता बोलता तो यंत्राच्या हाताविषयीही विचारतो. त्यास उत्तर देता यावे म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

पाणि हे कर्मेंद्रिय, तर स्पर्शनेंद्रियाचे अधिष्ठान त्वचा. पेला उचलणे हे हाताचे कर्म खरे, परंतु तो किती घट्ट धरावा हे त्वचा सांगते. मायोइलेक्ट्रिक हातात नेमकी हीच त्रुटी राहते. उरलेल्या बाहूतील स्नायू आकुंचन पावताना उत्पन्न होणारे सूक्ष्म विद्युत्संकेत त्वचेवरील इलेक्ट्रोड टिपतात व मोटर बोटे मिटविते. चेष्टा परत येते, स्पर्श येत नाही. रुग्णास प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहतच धरावी लागते. विश्पलेच्या लोहजंघेचा दाखला आपण सभांतून हौसेने देतो. त्या जंघेस स्पर्श कळत होता, असे ऋग्वेदही म्हणत नाही.

स्पर्श परत आणण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेन्मार्कच्या डेनिस सोरेनसेन यांच्या बाहूतील मज्जातंतूंत इलेक्ट्रोड बसविले, तेव्हा डोळे बांधूनही त्यांना मृदू-कठीण हा भेद कळला. पिट्सबर्ग येथे मानेच्या मणक्याच्या आघाताने हात लुळे पडलेल्या नेथन कोपलँड यांच्या मेंदूतच इलेक्ट्रोड बसविले. यांत्रिक हाताने वस्तू उचलून ठेवण्यास त्यांना सुमारे २१ सेकंद लागत. कृत्रिम स्पर्शसंवेदना दिल्यावर तो काळ निम्म्यावर आला (२०२१). हे अद्याप प्रयोगच आहेत, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

दुसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात दोन्ही हात गमावलेल्या कुर्ल्याच्या मोनिका मोरे यांच्यावर ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. नव्या हातात रुग्णाचे स्वतःचे मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात; त्यामुळे बोटांपर्यंत स्पर्श पोहोचण्यास अनेक महिने जातात. शिवाय शरीराने तो हात नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात.

आपला संबंध येथे येतो. कृत्रिम हात वापरणाऱ्यास अभ्यंग द्यावयाचा तर व्रण पूर्ण भरल्यावर, रात्री द्यावा. सकाळी सॉकेट चढविताना त्वचेवर तेलाचा अंश राहू नये, अन्यथा ते सरकते व त्वचा सोलवटते. प्रत्यारोपित रुग्णाची गोष्ट निराळी. ‘शक्ती येण्यासाठी’ म्हणून गुळवेल, अश्वगंधा यांसारखी रसायने त्याच्या शल्यचिकित्सकास विचारल्यावाचून देऊ नयेत. औषधालयाच्या चालकांनीही असा रुग्ण वा त्याचे नातेवाईक चूर्ण-काढ्यासाठी आल्यास प्रथम त्याची चालू औषधांची चिठ्ठी पाहावी.