कचेरीतील खण आणि कामाचा कंटाळा

कार्यालय-व्यवस्थापनाच्या तासाला आपण शिकतो, की खुल्या कचेरीत जागा वाचते व देखरेख सोपी जाते. तेथे बसणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मला सुट्टीत पडला. बडोद्याला मामांकडे राहून नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याच्या हिशेब विभागात मी महिनाभर उमेदवारी केली.

छातीइतक्या उंच फळ्यांचा खण, आत एक संगणक. खरेदीची बिले जीएसटीच्या यादीशी ताडायची, जुळले की खूण करायची. दिवसभर तेच. बाहेर पिंपे भरलेले ट्रक घरघरत. त्यांत काय असे, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. कन्नडमध्ये कंटाळ्याला ‘बेजारु’ म्हणतात, मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला. तेथे एकाच दुपारी दोन्ही अर्थ पटत!

वस्तुतः हा खण मोकळिकीसाठी जन्मला. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीसाठी केलेली हलत्या फळ्यांची रचना १९६८ साली बाजारात आली. मांडणी कामाप्रमाणे बदलावी, हा हेतू. कंपन्यांनी फक्त वाचणारी जागा पाहिली.

तरी माझ्या मते दोष फळ्यांपेक्षा कामाच्या तुकड्यांचा अधिक. हॅकमन व ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात चांगल्या कामाची पाच लक्षणे सांगितली. काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून पुरे होणे हे त्यांतील एक. शेवटच्या आठवड्यात न जुळणाऱ्या बिलांबद्दल पुरवठादारांना फोन करण्याचे काम मला मिळाले. खण तोच, पण चुकलेला क्रमांक सापडून बिल मार्गी लागले, की घड्याळाकडे लक्ष जात नसे. शेजारचे हिशेबनीस नऊ वर्षे नुसत्या खुणाच करीत होते. त्यांना असे काम कोणी देऊ केले नव्हते.