चुनखडी

भिंतीला चुना लावतात. पानाला चुना लावतात. तंबाखूतही चुना मळतात. हा चुना येतो कुठून? तो दगडातून येतो. त्या दगडाला आपण चुनखडी म्हणतो.

आपल्याकडचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा झाला. चुनखडीचे तसे नाही. फार फार वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यातला चुना तळाशी बसला. कुठे शिंपल्यांचा चुराही साचला. थरावर थर चढले आणि दडपून त्यांचा दगड झाला. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत असा दगड पुष्कळ सापडतो. सिमेंटही त्याच्यापासूनच करतात.

चुनखडी ओळखावी कशी? दगड खरवडून थोडी पूड काढा. तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर समजा, दगडात चुना आहे. काळ्या दगडाच्या पुडीवर असे बुडबुडे येत नाहीत.

चुनखडी भट्टीत खूप तापवतात. तिच्यातला वायू उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर ५६ किलो चुना उरतो. हा कळीचा चुना. त्यात पाणी पडले की तो फसफसतो, उकळतो. विरला म्हणजे कामाला येतो. भिंतीवर लावलेला चुना हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा घट्ट होतो. म्हणूनच चुन्यात बांधलेले जुने वाडे इतकी वर्षे टिकले.

पण चुना अंग भाजतो, हे आपण विसरतो. कळी विरवताना आधी पाणी घ्यावे. त्यात कळी थोडी थोडी टाकावी. प्लॅस्टिकची बादली घेऊ नये, ती वितळते. तोंड लांब ठेवावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पानतंबाखूच्या चुन्याची पुडीही साधी नाही. मूल ती खेळायला घेते, दाबते. पुडी फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. असे झाले तर डोळा चोळू नका. दूध, तूप, मध काही घालू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा. डोळा उघडा ठेवून निदान अर्धा तास धुवा. पापणीखाली चुन्याचे कण राहू देऊ नका. मग तडक दवाखाना गाठा. आधी पाणी, मग गाडी.

आमचे एवढेच सांगणे आहे. धडा वाचून झाला, आता उठा. घरात चुन्याची डबी कुठे आहे ते पाहा. मुलांचा हात पोचत असेल, तर ती आजच वर ठेवा.