दावा नाकारल्याचं पत्र आलं म्हणून

अगं, ते पत्र घडी करून देव्हाऱ्याखाली सारलंयस, ते आधी बाहेर काढ. विमा कंपनीने 'नाही' म्हटलं म्हणजे कोर्टाचा निकाल लागला असं नाही. ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्यानेच लिहिलेलं पत्र आहे ते, त्यात दुसरं काय असणार? पत्रावरची तारीख बघ आणि पाकीट फेकू नकोस. पुढच्या सगळ्या मुदती या तारखांवर चालतात.

आता कारण वाचू. 'आधीपासून असलेला मधुमेह लपवला.' बरं. भावोजी गेले हार्ट अटॅकने, गृहकर्जाला आणि त्यासोबतच्या विम्याला अजून तीन वर्षं झालेली नाहीत, आणि कंपनीने बोट ठेवलंय शुगरवर. घाबरू नकोस, पण हलकंही घेऊ नकोस. ही तीन वर्षं महत्त्वाची आहेत. विमा कायद्याचं कलम 45 म्हणतं की तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. त्याच्या आत मात्र घेता येते, फक्त कारण आणि आधार लेखी कळवावा लागतो. पत्रात 'फसवणूक' लिहिलंय की 'चुकीची माहिती' हेही नीट बघ. चुकीची माहिती म्हणून दावा नाकारला तर भरलेला हप्ता 90 दिवसांत परत करावा लागतो. फसवणुकीचा आरोप केला तर ती झाली नाही हे दाखवायचं ओझं माणूस गेल्यावर घरच्यांवर येतं. म्हणून तुझ्या अर्जात 'जाणूनबुजून काही लपवलं नाही' हे वाक्य आणि त्याखाली पुरावा हवाच.

पुरावा कुठून आणायचा? फॉर्ममधून. पळसदरीत घर घ्यायचं म्हणून भावोजी खोपोलीची ड्युटी करून धावतपळत कर्जतच्या शाखेत जायचे, आठवतंय ना? त्या सह्यांच्या ढिगात 'हे पण करून टाका' म्हणत एक कागद सरकवला होता, तो विम्याचा. बँकेची एकच सामूहिक पॉलिसी असते, कर्जदार तिचा सदस्य. एकरकमी हप्ता, तोही कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्या हप्त्यावरसुद्धा तू व्याज भरत आलीस. हा विमा सक्तीचा नसतो, पण कर्जमंजुरी अडलेली असताना हे विचारायचं धाडस कोणाला होतं! पॉलिसी बँकेची, त्यामुळे ती घरात सापडणार नाही, फार तर सदस्यत्वाचं प्रमाणपत्र सापडेल. बँकेला आणि कंपनीला, दोघांना लेखी माग: प्रमाणपत्र, भरलेल्या फॉर्मची प्रत, आरोग्याचं घोषणापत्र, आणि ज्या कागदांवरून दावा नाकारला ते कागद.

फॉर्म हातात आला की सावकाश बघ. मी असे फॉर्म पाहिलेत. प्रश्न बारीक इंग्रजीत: मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात भरती झालात का. पुढे 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकाच हाताच्या, एकाच तिरक्या वळणाच्या बरोबरच्या खुणा. खाली सही मात्र मराठीत, वेगळ्याच शाईची. मराठीत सही करणाऱ्यासाठी फॉर्मवर एक चौकट असते: 'मी हे प्रश्न अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले', खाली समजावणाऱ्याचं नाव आणि सही. ती चौकट कोरी आहे का बघ. भरलेली असेल तर कोणाचं नाव आहे बघ. तो माणूस अजून त्याच शाखेत असला तर त्याच्याशी भांडू नकोस, नाव तेवढं टिपून ठेव. प्रश्न विचारलेच गेले नाहीत, हे या कागदाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

दुसरी गाठ दवाखान्याच्या कागदात असते. कंपनीचा तपासनीस केसपेपर काढतो आणि त्यात एक ओळ शोधतो: 'के/सी/ओ डीएम, पाच वर्षं'. म्हणजे मधुमेहाचा जुना रुग्ण. ही ओळ कोणी सांगितली? रात्री दोन वाजता, घाबरलेल्या कोणीतरी. तू म्हणतेस की धाकट्या दिरांनी सांगितलं आणि त्यांना नक्की काही माहीत नव्हतं. मग भावोजी ज्या डॉक्टरांकडे जायचे त्यांच्याकडून दाखला घे: शुगर पहिल्यांदा कधी सापडली, गोळी कधी सुरू झाली. जुने लॅब रिपोर्ट असतील तर तेही जोड. लिहिणाऱ्या डॉक्टरच्या शपथपत्राशिवाय नुसत्या त्या ओळीवर ग्राहक आयोगांनी नेहमी विश्वास ठेवलेला नाही. पण दाखला खोटा मिळवायचा नाही हं. शुगर आधीपासून होती आणि भावोजींना ठाऊक होती, तर ते मला आत्ताच सांग, मग आपण वेगळ्या वाटेने मांडू.

वेगळी वाटही आहे. 2015 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोटेगांवकर विरुद्ध एलआयसी हा खटला आला होता. मणक्याचा आणि सायटिकाचा त्रास सांगितला नव्हता, पण मृत्यू हृदयविकाराने झाला. न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. तुझ्या बाबतीत हे तंतोतंत बसणार नाही, शुगर आणि हृदय यांचं नातं कंपनीचा वकील सांगणारच. 2020 साली त्याच न्यायालयाने बजाज अलियान्झच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने कौल दिला. तिथे पॉलिसी घेतल्यावर महिनाभरात मृत्यू झाला होता आणि गंभीर आजार दडवला होता. 2018 चा एसबीआय लाईफचा निकाल तर थेट गृहकर्जाच्या विम्याचा. हप्ता कापून घेतलेला, कर्जदार गेला, आणि कंपनी म्हणते करार पूर्णच झाला नव्हता. न्यायालयाने ते मानलं नाही. निकाल दोन्हीकडचे आहेत, म्हणूनच फॉर्मवर इतकं रेटून सांगतेय.

आता पायऱ्या. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, आणि 'बीमा भरोसा' पोर्टलवर तिचीच नोंद. फोन करायचा तर 155255. त्यांनी नकार दिला किंवा महिनाभर गप्प बसले की विमा लोकपाल. लोकपालाची कार्यालयं मुंबईला सांताक्रूझला, ठाण्याला आणि पुण्याला नारायण पेठेत आहेत. आपला पत्ता कोणाकडे येतो ते फोनवर विचारून घे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. आणि हे पक्कं लक्षात ठेव: आधी ग्राहक आयोगात तक्रार टाकलीस तर लोकपालाचं दार बंद. उलट चालतं, लोकपालाचा निकाल पटला नाही तर पुढे आयोगात जाता येतं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे, दोन वर्षांची मुदत. कर्जतच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि बाईमाणसाला मिळकतीची अट न बघता मोफत वकील मिळतो, हा हक्क 1987 च्या कायद्याने दिलाय. पाच-दहा हजार घेऊन 'मिळवून देतो' म्हणणारे स्टेशनबाहेर भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.

कर्जाच्या हप्त्यांचं काय, हे तू दोनदा विचारलंस. दावा भांडणात आहे म्हणून हप्ता थांबत नाही. 90 दिवस थकले की खातं एनपीए म्हणजे थकीत ठरतं आणि मग घरावर नोटीस. तू सहकर्जदार आहेस का ते करारात बघ. असशील तर सगळं कर्ज तुझ्या अंगावर. नसशील तर वारस म्हणून भावोजींच्या मागे जेवढं राहिलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. काहीही असो, बँकेला पत्र दे: दावा नाकारल्याविरुद्ध तक्रार चालू आहे, तोवर हप्ता कमी करून मुदत वाढवा. तोंडी 'बघू' म्हटलेलं बँकेत टिकत नाही. 'जुना विषय बंद' असं काही लिहिलेल्या नव्या कागदावर मात्र मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

कर्जतला जाशील तेव्हा प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती ने, मृत्यूचा दाखला आणि आधारच्या झेरॉक्स जास्तच काढ. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर थांब, खोपोलीची पुढची लोकल मिळेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.